उजवीकडून पहिलं पान

२० ऑगस्ट १९५७, मंगळवार

पहिलं पान झालं. चार चौकटी. कुलसुम दिवसभर बाजेवर आडवी होती, एकदाही उठली नाही. म्हणून तिला पान मिळालं. उठली असती तर मिळालं नसतं.

असं ठरलंय. दर गुरुवारी सोलापूरहून लेडी डॉक्टर येते. ती म्हणाली, बाळंत होईपर्यंत हिनं पाय जमिनीला लावायचा नाही. आधीची तिन्ही चौथ्या-पाचव्या महिन्यात गेली. आता चौथा सरत आलाय. मी मान हलवली, पण कुलसुमला झोपवून कोण ठेवणार? ती आजारी पडली तरी उभ्यानंच आजारी असते. घरकामाला तिची बहीण ताहेराबी मुरुमहून आली आहे, तिलाही ही बाजेवरून झाडू कसा धरायचा ते शिकवते.

मग मला रद्दीतलं ते चित्रांचं पुस्तक सुचलं. दिवसभर पडून राहिलीस तर अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर एक पान. एकच.

"आन् ऱ्हायले न्हाय तर?" — न्हाय तर न्हाय!

पानं मी मोजली. एकशे त्रेचाळीस. डॉक्टर म्हणते, जानेवारीचा दुसरा आठवडा. बरोबर पुरतात.

२१ ऑगस्ट

मराठीच्या परीक्षेत मार्चमध्ये पास झालो. विरुपाक्ष मास्तर म्हणाले, हात सोडू नका, रोज अर्धं पान लिहा. म्हणून ही वही. मास्तरांना दाखवणार नाही. ते लाल शाईनं खुणा करतील.

मी, फकरुद्दीन, उमरग्याच्या कचेरीत दफ्तरखान्यात बसतो. निजामाच्या वेळचे उर्दू कागद मराठीत उतरवतो. खाली लिहितो, मूळ बरहुकूम, आणि सही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो. गेलो म्हणजे खुर्ची तिथंच आहे, टेबलाचा पाय अजून हलतो.

घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो. ते इथं मराठीत उतरवतो. कुलसुमच्या बोलण्यातली निम्मी मिरची त्यात गळते.

२२ ऑगस्ट

पुस्तकाविषयी लिहून ठेवायला हवं. मुरुमच्या रद्दीवाल्याकडं सापडलं. सोलापूरच्या कुठल्या तरी मिलच्या साहेबाच्या बंगल्यातून आलेलं. पुठ्ठे दोन्ही गेलेले. आत कोण्या शौकिनानं इंग्रजी वर्तमानपत्रातली चित्रकथा रोज कापून डकवली आहे, एका पानावर एकच पट्टी. रद्दीवाला त्यात भजी बांधणार होता. माझ्या अंगावर काटा आला.

इंग्रजी मला अक्षरांपुरतं येतं. पण चित्रं तर चित्रं आहेत! लहानपणापासून हैदराबादची उर्दू मासिकं वाचतोय — अदृश्य दिवे, लोखंडी माणसं, चंद्रावरचे बादशहा. वीस वर्षांचा अनुभव आहे.

सुरुवात अशी. लाल माळरान. दगडावर एकटाच माणूस. दाढी छातीपर्यंत. आकाशात दोन चंद्र. बस्स.

अशी सुरुवात मी कुठं वाचली नाही. बाकीचे लेखक आधी शास्त्रज्ञ दाखवतात, मग त्याची एकुलती एक मुलगी, मग प्रयोगशाळेत स्फोट. हा लेखक माणूस एकटा बसवून मोकळा. हिंमत लागते.

कुलसुमनं माणसाला निरखलं. "ह्यो तर गिरदावर. पट्टा बघा की, आन् कसा बसलाय — कुणी च्या आणीना म्हणून."

गावोगाव फिरून महसूल तपासणाऱ्या आमच्या गिरदावराचं नाव त्याला पक्कं झालं.

३१ ऑगस्ट

लेखकाची कल्पनाशक्ती अफाट आहे. गिरदावराची शेकोटी — आधी राख. दुसऱ्या पानावर निखारे. तिसऱ्यावर जाळ. चौथ्यावर कोरी लाकडं, आणि तो ती उचलून घेऊन चाललाय! म्हणजे तिथली आग लाकूड बनवते. सरपणाची ददातच नाही. वीस वर्षांत कुणाला सुचलं नाही हे.

दाढीचंही तसंच. दर आठवड्याला आखूड होते. मी कुलसुमला सांगितलं, तिथल्या हवेचा गुण.

"हवेचा," ती म्हणाली. मग वाळूतल्या पावलांवरून बोट फिरवलं.

७ सप्टेंबर

विरुपाक्ष मास्तरांशी वाद. मास्तर शाळेत गणित शिकवतात, इंग्रजी वाचतात, आणि गावात या गोष्टींचा शौक असलेला माझ्याखेरीज दुसरा माणूस तोच. पण त्यांना सगळं शास्त्राला धरून लागतं. मी विचारलं, अदृश्य माणूस भाकर खातो तेव्हा भाकर दिसते का? मास्तर तीन दिवस विचार करत होते. आज म्हणाले, चावेपर्यंत दिसते.

दुसरा मुद्दा माझा. उर्दू मासिकात मंगळावरचे लोक लखनौचं उर्दू बोलतात. मास्तरांच्या मराठी मासिकात पुण्याचं मराठी बोलतात. सगळ्या ब्रह्मांडात उमरग्यासारखं "काय करायलाव?" असं विचारणारा एकही प्राणी नाही. मास्तर म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

त्यांना पुस्तक दाखवलेलं नाही. माझी चार मासिकं त्यांच्याकडं गेली ती खोबरेल तेल लागून परत आली, पाचवं आलंच नाही.

१३ सप्टेंबर

एक माणूस आला!

चोवीस पानं गिरदावर एकटा फिरत होता. काल दगडासारखे लोक दिसले — सहा हातांचे, तोंड नाही. आज त्यातल्या एकानं जमीन उघडली, आणि आतून एक गुबगुबीत माणूस वर आला. अगदी आपला महांतप्पा हलवाई! गिरदावर दोन्ही हात पसरून उभा. मिठी मारायलाच.

कुलसुमनं टाळी वाजवली. ताहेराबी चुलीपासून धावत आली, म्हणाली, काय झालं? ही म्हणाली, "एक आला. आता एकटा न्हाय त्यो."

पाचवा महिना लागलाय. तिला विचारत नाही. ती बोटं मोजते तेव्हा मी दुसरीकडं बघतो.

२६ सप्टेंबर

सकाळी कुलसुमनं हाक मारली नाही. ताहेराबीनं मारली. लुगड्यावर रक्त होतं.

कचेरीत गेलो नाही. धनगरवाड्यातून हरणाबाईला आणलं. तिच्या हातून निम्मं उमरगं जन्मलंय. मी दाराबाहेर. आधी तिन्ही वेळा याच दाराबाहेर उभा होतो. या दाराच्या चौकटीला किती खिळे आहेत ते मला माहीत आहे. अकरा.

दुपारी हरणाबाई बाहेर आली. "मुन्शी, हाय अजून. हालायलंय. पर आता हिला हासवायचं बी हळू."

डॉक्टर संध्याकाळी आली, तीही तेच म्हणाली.

कुलसुम भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी पुस्तक आणलं. आज दोन पानं दिली. नियम मोडला. गोष्टीत तांबोळी भाऊ आले — नाव कुलसुमनंच दिलं — एकाला एक जुळे, दोघंही जमिनीतून. तिनं विचारलं, "किती झाली?" मी म्हणालो, गिरदावर धरून चार. "अजून किती यायची?"

मी पुढची पानं बघत नाही. ते हरामीपण होईल. पण आज म्हणालो, सगळी येतील.

का म्हणालो कुणास ठाऊक! मला खरंच माहीत नव्हतं. अल्लाह, कुणीतरी यावं.

७ ऑक्टोबर

रशियानं चंद्र सोडला! नकली. पंचायतीच्या रेडिओवर त्याचा आवाज ऐकवला. टीव टीव टीव. एवढं करून चिमणीसारखा बोलतो.

कचेरीत सगळे मला समजावून सांगू लागले. अव्वल कारकून, ज्यांनी मला दहा वर्षं "चंद्रवाले मुन्शी" म्हणून हिणवलं, त्यांनी आज पेपरवेट हातात धरून माझ्याभोवती फिरवलं. समजलं का? समजलं म्हणालो.

वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं हे सगळं माझं आणि मास्तरांचं होतं. आता हजामाच्या दुकानात पण तेच!

१५ ऑक्टोबर

पहाटे मास्तर आणि मी शाळेच्या गच्चीवर. नकली चंद्र दिसतो म्हणे. मास्तर म्हणाले, दिसला! मी म्हणालो, दिसला! दोघांनी वेगवेगळीकडं बोट दाखवलं होतं. तसेच खाली उतरलो.

२० ऑक्टोबर

दिवाळीचा बाजार. रॉकेट छाप उदबत्ती. रॉकेट छाप कंगवा, प्लास्टिकचा, वाकवला तरी मोडत नाही — विकणाऱ्यानं वाकवून दाखवला, मोडला. तंबूत सिनेमा आलाय, त्यात उडती तबकडी आहे. पाहिली. कंदिलाचं झाकण आहे, दोरी दिसते. तरी शेवटपर्यंत बसलो. शौक शौक असतो.

महांतप्पानं पेढ्याला "चंद्रपेढा" नाव दिलंय. तोच पेढा. कुलसुमसाठी घेतला. ती म्हणाली, महांतप्पाला सांगा, तुमी आमच्या गोष्टीत हाव. सांगितलं. तो घाबरला.

सहावा महिना. पोट दिसतं.

५ नोव्हेंबर

रशियानं दुसरा सोडला, त्यात कुत्री बसवलीय. जिवंत.

मी उत्साहानं घरी सांगितलं. कुलसुम ऐकत होती. मग विचारलं, "परत कशी येनार?"

परत नाही येणार, म्हणालो. तशी सोयच नाही.

"मग धाडली कशाला?"

शास्त्रासाठी. पुढं माणूस जाईल म्हणून.

ती जेवली नाही. ताहेराबी माझ्यावर डाफरली — पोटुशीसमोर असलं बोलतात व्हय? पान दिलं तेव्हा कुलसुम चित्राकडं बघेना. म्हणाली, "आपल्यातली तर येतील न्हवं परत?"

म्हणालो, पाच आलीत की! बघ, आज डॉक्टरीणबाई आली.

डॉक्टरीणबाई म्हणजे गोष्टीतली बाई. पांढरा पोशाख. खड्ड्यातून कमरेपर्यंत वर आलेली, एक हात उंचावलेला. तोंडाजवळ फुगा, त्यात इंग्रजी. "ती काय म्हनती?" कुलसुमनं विचारलं. आजवर तिनं फुग्याचं कधी विचारलं नव्हतं. मला वाचता येईना. उद्या सांगतो म्हणालो.

९ नोव्हेंबर

फुग्यातली अक्षरं चिठ्ठीवर उतरवून मास्तरांकडं नेली. एका मित्राच्या पुस्तकातलं आहे म्हणालो. मास्तरांनी वाचलं — "माझी वाट बघू नका. तुम्ही निघा."

मी म्हणालो, असं कसं? ती तर आत्ताच वर आली.

मास्तर म्हणाले, वर आलेली बाई असं कशाला म्हणेल?

घरी येऊन पहिल्या पानावरचा फुगा उतरवला. परत गेलो. मास्तरांनी वाचलं — "आज बोलायला कुणी उरलं नाही." मग चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. "फकरुद्दीनभाई, हा तुमचा मित्र पुस्तक कुठून वाचतो?"

१० नोव्हेंबर, रविवार

मास्तर घरी आले. कुलसुमचा डोळा लागला होता. ओसरीवर मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पालथं केलं. म्हणजे मला वाटलं पालथं केलं.

इंग्रजी पुस्तक डावीकडून उघडतात. हे मला माहीत आहे! मराठी पुस्तकंही तशीच उघडतात, परीक्षेत पास झालोय मी! पण अक्षर दिसलं की हात डावीकडं जातो, आणि हे सगळं चित्रांचं. पुठ्ठा नव्हता. पुस्तक हातात आलं आणि अब्बांनी बिस्मिल्ला करून शिकवलं तसं, उर्दूसारखं, उजवीकडून उघडलं. चौकटीही उजवीकडून. एकदाही शंका आली नाही. शेकोटीनंसुद्धा आली नाही.

मास्तरांनी एक तास वाचून सांगितलं. सात जण रॉकेटात बसून निघतात. लाल माळरानावर उतरतात. दगडी लोक एकेकाला जमिनीत ओढतात. डॉक्टरीण स्वतःहून उतरते, बाकीच्यांना वेळ मिळावा म्हणून. महांतप्पा शेवटून दुसरा. मग गिरदावर एकटा. दाढी वाढते. पुस्तक संपतं.

कुणीही परत येत नाही.

मास्तर म्हणाले, "फार उत्तम कथा आहे हो. शोकांत."

११ नोव्हेंबर

आज पान दिलं. आवाज नीट होता. फुग्यात काय आहे विचारलं तेव्हा सांगितलं — डॉक्टरीण म्हणते, आले बाई एकदाची.

१४ नोव्हेंबर

मास्तरांशी बिनसलं. ते म्हणतात, वहिनींना खरं सांगा. माणसाला सत्य पचतं. "तुम्ही ज्या गोष्टींवर प्रेम करता त्यांची बेइमानी करताय." मी म्हणालो, मास्तर, तुम्हाला चार पोरं आहेत.

हे बोलायला नको होतं. ते उठून गेले.

१९ नोव्हेंबर

मास्तर दिसले, रस्ता बदलला. कुणी बदलला ते सांगता येत नाही, दोघंही बदलत होतो.

२५ नोव्हेंबर

दिवसभर दफ्तरात एक जुना दस्त उतरवत होतो. मूळ बरहुकूम, आणि सही. एक अक्षर बदललं तर माझी नोकरी जाते, आणि जायलाच हवी. संध्याकाळी घरी येऊन सही न करता अख्खी गोष्ट फिरवतो.

तिला कळलं तर? नुसती रागावली तर चालेल. मला भीती दुसरीच आहे. गोष्टीत मुका पोरगा आला, सहावा. रोज ती विचारते किती झाली, आणि सहा म्हटलं की हात पोटावर ठेवते. तिनं त्या रॉकेटवाल्यांवर काय काय बांधून ठेवलंय ते ती सांगत नाही, पण मला दिसतं. मी तेच उपटून टाकू?

पहिलं पान — गिरदावर एकटा बसलेलं — फाडून टाकावं असं आलं मनात. हात लावला. नाही फाडलं. चित्र फार सुंदर आहे.

१ डिसेंबर

सातवा माणूस आला. चष्मेवाला म्हातारा. आता सगळे. कुलसुमनं ताहेराबीला गूळ वाटायला सांगितलं. शेजारणी विचारत होत्या कशाचा. ताहेराबी म्हणाली, आमचं एक म्हातारं सापडलं.

मी गूळ खाल्ला.

११ डिसेंबर

रॉकेट उडालं. म्हणजे उतरलं होतं, ते आता मी उडवलं. तिथून निघालं एकदाचं. आठवा सरत आला. हरणाबाई म्हणते, डोकं खाली आलंय, पोर शहाणं आहे.

१६ डिसेंबर

मास्तर कचेरीत आले. सातबाऱ्याचं काम म्हणाले. त्यांची शेती मुळी नाहीच. मग छताकडं बघत म्हणाले,

"फकरुद्दीनभाई, विचार केला. शेपटाकडून आग सोडत रॉकेट खाली उतरवणं शास्त्राला धरून आहे. वेग मारता येतो. उलट वाचलं तरी ती जागा टिकते."

बरं म्हणालो.

"एवढंच सांगायचं होतं."

बाहेर जाऊन चहा घेतला दोघांनी. पाचवं मासिक परत दिलं त्यांनी. तेल लागलेलं.

२९ डिसेंबर, रविवार

पहाटे कळा सुरू झाल्या. दोन आठवडे आधी. अकरा पानं शिल्लक होती.

हरणाबाई आत, ताहेराबी आत. मास्तर सायकलवरून दवाखान्यातल्या नर्सला आणायला गेले. घेऊन आले आणि घरी गेलेच नाहीत, ओसरीवर थांबले. मी दाराबाहेर. दहा वाजले, अकरा वाजले. आतून कुलसुमचं ओरडणं. मग ओरडणं बंद. ते जास्त वाईट.

मग हरणाबाईचा आवाज — "जोर लाव माय! झोपू नगंस! मुन्शी, ही डोळं मिटाय लागलीया, बोला कायतरी हिच्याशी!"

काय बोलू? आणि आतून कुलसुम, अगदी बारीक — "पान द्या की."

पुस्तक आणलं. दाराला तोंड लावून सुरू केलं. रॉकेट अंधारातून चाललंय. सातही जण आत. गिरदावरानं दाढी केलीय, गाल गुळगुळीत. महांतप्पा खिडकीतून बघतोय. निळी जमीन दिसली, कुलसुम! मोठी होत चालली! चष्मेवाला बोट दाखवतोय.

"पुढं?"

पानं उलटत होतो. घाईत दोन फाटली. ढग आले. डोंगर आले. आता आग सोडली शेपटातून, हळू हळू खाली येतंय —

"अरं मग उतरवा की त्याला बिगी बिगी!" हरणाबाई ओरडली. "हितं टाळू दिसायलीया!"

मग ते पान आलं. मैदानावर माणसं. बायका, म्हातारे, सगळे रॉकेटाकडं तोंड करून. रडतायत. मला माहीत होतं का रडतायत. निरोप द्यायला आलेत. यातल्या कुणाला कुणी पुन्हा दिसणार नाही. माझा आवाज गेला.

आतून — "पुढं? काय झालं? पोचले का न्हाय?"

मास्तर उठून आले. माझ्या खांद्यावरून पानात बघितलं. दाराला तोंड लावून, शाळेत पाढे म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मैदानात दोन हजार माणसं जमलीत. सगळी रडतायत. आनंदानं रडतायत. दार उघडलं. गिरदावर उतरला. महांतप्पा उतरले. तांबोळी, दोघंही. डॉक्टरीणबाई, हाताला धरून उतरवलं त्यांना. मुका पोरगा. चष्मेवाले काका. सात. मी स्वतः मोजले."

त्यानंतर जे रडणं ऐकू आलं ते चित्रातलं नव्हतं.

३० डिसेंबर

मुलगी. दोघी ठीक. वजन कमी आहे, आवाज कमी नाही.

कानात अजान दिली. मधेच शब्द विसरलो. तिनं जांभई दिली.

१ जानेवारी १९५८

नाव जमिला. मास्तरांनी पाळण्याला टांगायला रॉकेट आणलं, बाजारातलं, कागदी, दारू काढून टाकलेलं. काढून टाकली आहे याची मी दोनदा खात्री केली. ते पुस्तक वाचायला मागत होते. देईन म्हणालो. देणार नाही.

८ जानेवारी

ठरवलंय. कुलसुमला सांगणार. आता काही बिघडायचं राहिलं नाही. खोटं बोललो, दीड महिना तर जाणूनबुजून बोललो. तिनं रागवावं, पण माहीत असावं.

१२ जानेवारी

पुस्तक घेऊन बाजेशी बसलो. जमिला झोपलेली. म्हणालो, कुलसुम, या गोष्टीबद्दल एक सांगायचंय.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्याच आठवड्यापून. वाळूत पावलं उमटलेली, अंगठं एकीकडं आन् गडी चाललाय म्हणता दुसरीकडं. बोलले न्हाय. म्हटलं, तीन गेली माझी, म्हणून ह्यांनी जाणून उलटं लावलंय, रोज कुणीतरी घरी यावं म्हणून. एवढं कोन करतं? त्याच्यासाठी पडून ऱ्हायले मी. न्हाय तर त्या डॉक्टरीचं कोन ऐकतंय!"

आणि माझा हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली, दिवसाउजेडी कधी धरला नव्हता.

मी व्हय म्हणालो.

या वहीतलं मराठी कुलसुमला वाचता येत नाही. जमिलाला येईल.